साडेदहाचं गेट

फौजदाराच्या परीक्षेची जाहिरात निघाली तेव्हा विशाखा शेजवळ औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत बसली होती. कापडाच्या दुकानावरचा माळा, त्यात प्लायवूडचे साठ कप्पे आणि दोन पंखे. अकरा वर्षं ती तिथंच बसत आली होती. जाहिरात जवळपास वर्षभर लांबली होती. विशाखानं जागा किती ते पाहिलं नाही, अभ्यासक्रम बदलला का ते पाहिलं नाही. मोबाइलवर सरळ वयाच्या रकान्यावर गेली. वय ज्या तारखेला धरायचं होतं, त्या तारखेला तिला चौतीस पूर्ण होऊन एकोणीस दिवस झाले होते. तिच्या प्रवर्गाला अट चौतिसाचीच होती.

तिनं बोटांवर मोजलं, मग कागदावर मोजलं, मग शेजारच्या कप्प्यातल्या मंजुषाला मोजायला लावलं.

“एकोणीसच येतात गं, ताई,” मंजुषा म्हणाली आणि रडायलाच लागली.

विशाखा रडली नाही. मोबाइल पालथा घातला आणि समोर अर्धवट राहिलेला जुना पेपर सोडवायला घेतला. पूर्ण सोडवला. शंभरातले अठ्ठ्याहत्तर बरोबर आले.

या अकरा वर्षांत काय झालं नव्हतं! एकदा अर्ध्या गुणानं यादी हुकली. एकदा लेखी निघाली, पण मैदानी चाचणीच्या आदल्या दिवशी डेंग्यूनं धरलं, आणि गोळा हातातून जेमतेम पायापुढं पडला. एकदा निकाल कोर्टात अडकला, दोन वर्षांनी नवी यादी लागली, तिच्यात तिचं नाव नव्हतं. सोयगावला तिचे वडील धम्मपाल कापसाच्या जिनिंगात वजनकाट्यावर होते. ते अजून ओळखीच्या माणसाला सांगायचे, “आमची फौजदारीण यंदा निघतीच बघा.” त्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा विशाखा बोलून गेली, “जय भीम, आबा. व्हय, फॉर्म भरला.” एकदा तसं बोलल्यावर खरं सांगायचं राहूनच गेलं.

मंजुषा तिच्या खोलीतली. पाचोडची, बऱ्यापैकी शेती असलेल्या घरची, सव्वीस वर्षांची. तीन वर्षांपूर्वी आली तेव्हा तिला टक्केवारीसुद्धा धड येत नव्हती. विशाखानं तिला गणित शिकवलं, चुकलेली उत्तरं लाल पेनानं लिहून काढायची सवय लावली, पहाटे मैदानावर पळायला नेलं. मंजुषा पाचोडहून येताना डबा भरून धपाटे आणायची. आपल्या घरी मात्र तिनं विशाखाला कधी नेलं नाही, आणि विशाखानंही तो विषय काढला नाही. मंजुषाचे वडील रामकिसन यांनी या वर्षी स्पष्टच सांगितलं होतं, “ही शेवटची परीक्षा. नाय निघाली तर उन्हाळ्यात लगीन.”

परीक्षेच्या महिनाभर आधी अभ्यासिकेत एका कंपनीची चिठ्ठी लागली. परीक्षा केंद्रावर मुलींची झडती घ्यायला, ओळखपत्र तपासायला बायका पाहिजे होत्या. विशाखानं नाव दिलं. घरून आता काही मागायची तिला लाज वाटत होती. शिवाय अकरा वर्षं रविवारी केंद्रावर जायची सवय लागली होती, रविवारी खोलीत बसून करणार काय?

परीक्षेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मंजुषाला घरून बोलावणं आलं. पाहुणे बघायला येणार होते. “दुपारी कार्यक्रम, सांजच्याला माघारी सोडतो,” असं तिच्या भावानं, विश्वजीतनं, कबूल केलं होतं.

“जाऊ नको, मंजे,” विशाखा म्हणाली.

“नाय गेले तर बाबा परीक्षेलाच बसू देणार नाय गं. येते संध्याकाळी.”

संध्याकाळी ती आली नाही. पाहुणे जेवायला थांबले, मग उशीर झाला, मग सकाळी लवकर निघू असं ठरलं. तसा मेसेज आला तेवढाच.

रविवारी विशाखा आठ वाजताच केंद्रावर हजर झाली. बीड बायपासजवळचं कॉलेज, मंजुषाचा नंबरही इथंच आला होता. कंपनीचे सुपरवायझर, सोमनाथ सर, यांनी तिला निळा ॲप्रन दिला, फोन जमा करून घेतला आणि गेटवर उभं केलं. पेपर अकराला, गेट साडेदहाला बंद. कुलपाची किल्ली विशाखाच्याच खिशात. खांबावरच्या कॅमेऱ्याची वायर सुटून लोंबत होती. विशाखानंच ती सोमनाथ सरांना दाखवली. ते म्हणाले, “राहू द्या, आज रविवारी कोण येतंय दुरुस्त करायला!”

पोरी येत गेल्या. विशाखा कानातलं काढायला लावायची, ओढणी झटकायला लावायची, पाण्याची बाटली पारदर्शक आहे का बघायची. त्यांच्या हॉलतिकिटावरच्या जन्मतारखा तिला नको असताना दिसत होत्या. दहापासून ती रस्त्याकडं बघत होती. सव्वादहा झाले, पंचवीस झाले. साडेदहाला आतून शिट्टी झाली. तिनं गेट ओढलं आणि कुलूप लावलं. सोमनाथ सर आत निघून गेले.

दहा चौतीसला विश्वजीतची मोटारसायकल येऊन थांबली. मंजुषा गाडीवरून उडी मारून धावली. काल पाहुण्यांसाठी भरलेल्या हिरव्या बांगड्या ती धावता धावता काढत होती, कारण परीक्षेला चालत नाहीत हे तिला माहीत होतं. एक फुटली, मनगटाला रक्त आलं.

“ताई! बरं झालं बाई तूच आहेस. उघड पटकन.”

“मंजे, साडेदहा होऊन गेले.”

“आडूळच्या पुढं गाडी पंक्चर झाली. किती फोन केले तुला!”

“फोन आत जमा आहे.”

“बरं, उघड ना मग.”

मागून विश्वजीत म्हणाला, “मॅडम, चारच तर मिनटं झालीत. पेपरला अजून अर्धा घंटा आहे.”

विशाखानं मागं वळून पाहिलं. पोर्चमध्ये कोणी नव्हतं. शिपाई पाण्याचा जार भरत होता, त्याची पाठ होती. कॅमेरा बंद होता. कुलूप काढायचं, हातभर गेट सरकवायचं, आणि मंजुषा पहिल्या जिन्यापर्यंत पोचली असती. वर्गात पर्यवेक्षकांच्या सह्या चालू होत्या, कोणी विचारलंही नसतं. विशाखानं ॲप्रनच्या खिशात हात घातला. किल्ली बोटांना लागली. आणि त्याच वेळी, का कोण जाणे, तिच्या मनात एकोणीस हा आकडा आला. तिच्या एकोणीस दिवसांसाठी कोणीही कुठलंच गेट हातभर सरकवलं नव्हतं.

तिनं हात रिकामाच बाहेर काढला.

“थांब, सरांना विचारून येते,” ती म्हणाली.

ती ऑफिसकडं गेली. पळत नाही, चालत गेली. सोमनाथ सरांनी केंद्रप्रमुखांना विचारलं. केंद्रप्रमुख चष्म्यावरून बघत म्हणाले, “एकाला घेतलं की बाहेरचे सगळे आत येतील. नाही म्हणजे नाही. आणि विचारायचं कशाला? नियम छापलेला आहे.” सोमनाथ सर तिच्यासोबत गेटपर्यंत आले आणि तिथंच उभे राहिले. आता उघडायची सोयच उरली नाही.

मंजुषानं दोघांना येताना पाहिलं. गजाला धरलेले हात तिनं सोडून दिले.

“तू विचारायला कशाला गेलीस गं?” ती हळू आवाजात म्हणाली.

मंजुषानं सोमनाथ सरांना हात जोडले, त्यांनी मान हलवली. मग ती रस्त्याच्या दुभाजकावर जाऊन बसली. विश्वजीतनं घरी फोन लावला. “नाय झालं, बाबा. गेट लावलं होतं. व्हय, आणतो माघारी.” त्याच्या आवाजात फार वाईट वाटल्यासारखं काही नव्हतं. अकराची घंटा झाली तेव्हा मंजुषा अजून तिथंच होती. थोड्या वेळानं विशाखानं पुन्हा पाहिलं तेव्हा दुभाजकावर कोणी नव्हतं.

फोन परत मिळाला तेव्हा त्यावर मंजुषाचे सात मिस्ड कॉल होते आणि आबांचा एक. तिनं आबांना लावला.

“पेपर कसा गेला, माय?”

“बरा गेला.”

“अवघड होता का?”

“नाय, आबा. सोपा होता.”

पंधरा दिवसांनी मंजुषा सामान न्यायला आली. खाली विश्वजीत टेम्पो घेऊन थांबला होता. लग्न ठरलं होतं, मुलगा वाळूजच्या कंपनीत होता. तिनं गादी गुंडाळली, कपडे भरले, भिंतीवरचा नकाशा मात्र राहू दिला. पुस्तकांकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

“हे नेत नाहीस?” विशाखानं विचारलं.

“कुठं ठेवू? त्यांच्याकडं दोनच खोल्या आहेत.”

विशाखा पिशवीची नाडी बांधू लागली. गाठ बसेना. अखेर ती बोललीच, “मंजे, किल्ली माझ्याच खिशात होती.”

“माहीत आहे. तू हात घातलास तेव्हा आवाज आला होता.”

“मला उघडता आलं असतं.”

मंजुषा खाली बसली. तिनं विशाखाकडं पाहिलं. रागावून पाहिलं असतं तर विशाखाला सोपं गेलं असतं.

“कॅमेऱ्याला भ्यालीस का?”

खोटं बोलायला एवढी सोपी जागा तिला परत मिळणार नव्हती. आबांना तर ती रोज खोटं सांगत होती.

“नाय,” विशाखा म्हणाली. “कॅमेरा बंद होता.”

मंजुषानं मान हलवली. पिशवी उचलली, दारात चपला घातल्या, आणि पायऱ्या उतरून गेली. विशाखा जिन्यापर्यंत गेली, खाली गेली नाही. पाचोडला लग्न झालं तेव्हा अभ्यासिकेतल्या चार-पाच जणींना पत्रिका आली. विशाखाला आली नाही.

एप्रिलमध्ये सोमनाथ सरांचा फोन आला. पुढच्या रविवारी कुठल्याशा दुसऱ्या भरतीचा पेपर होता.

“येते,” विशाखा म्हणाली. “फक्त गेटवर नको, सर. झडतीला लावा, वर्गात लावा, कुठंही लावा.”

“अहो, गेटवर तुमच्यासारखीच बाई पाहिजे. मागच्या वेळी केंद्रप्रमुखांनी मुद्दाम नाव विचारून घेतलं तुमचं. ओळखीची पोरगी असून सोडली नाही म्हणाले. साडेसातला या.”

विशाखा काही बोलली नाही. सरांनी ते होच धरलं आणि फोन ठेवला. रविवारी ती साडेसातला पोचली.