मला इस्त्री करू नका

मित्रांनो, मी एक जुनी निळी सुती शाल आहे आणि आधीच सांगते, मला स्वस्थ बसवत नाही. घडी घातली की मी फुगते, दाबून ठेवलं की उसळते. त्याला माझा इलाज नाही, माझा जन्मच तसा झाला. जपानमध्ये नागोया शहराच्या कडेला आरिमात्सु म्हणून वस्ती आहे. तिथल्या ओकादा-आजींनी माझ्या पांढऱ्या कापडाची चिमूट चिमूट धरून दोऱ्याने करकचून गाठी मारल्या. बापरे, हलायला म्हणून जागा नव्हती! मग मला निळीत बुडवलं, वाळवलं आणि एकेक गाठ सोडली. दोरा होता तिथे पांढरी फुलं उमटली आणि प्रत्येक फुलाच्या मध्ये कापडाचं एक टोक उभं राहिलं. दिसायला मी बरी आहे, पण माझी खरी मजा हात फिरवण्यात आहे.

नागोयाजवळ ते मोठं एक्स्पो प्रदर्शन भरलं, त्या वर्षी विभा आरिमात्सुला, मी होते त्या दुकानात आली. तिचा नवरा प्रसन्न एका गाड्यांच्या कंपनीसाठी सॉफ्टवेअर करायला मुंबईहून आला होता. आता परत जायचे दिवस जवळ आले होते आणि विभाला आईसाठी काहीतरी इथलं, अस्सल न्यायचं होतं. तिच्या मैत्रिणी म्हणाल्या, शंभर येनच्या दुकानातून पोतंभर घे आणि वाटून टाक. तिथली प्रत्येक वस्तू तिने उलटी केली, तर खाली मेड इन चायना. स्टेशनवरच्या बड्या दुकानात काचेतल्या बाहुल्या होत्या, रंगवलेले पंखे होते. पण ते सगळं बघायचं, आणि विभाच्या आईला, मुलुंडच्या सिंधूताईंना, काचबिंदू झाला होता. त्यांची नजर दिवसेंदिवस कमी होत चालली होती, आणि गेलेली परत येणार नव्हती.

विभाने डोळे मिटले आणि माझ्यावरून सावकाश बोटं फिरवली. टोकं तिच्या बोटांना लागली तशी ती हसली आणि तिने मला घेतलं. दुकानातल्या बाईंनी हाताने इस्त्री फिरवल्यासारखं केलं आणि दोन्ही हातांची फुली करून दाखवली. विभाला बरोबर समजलं. प्रसन्न तेव्हा बाहेर उभा राहून परतीच्या गाडीची वेळ बघत होता.

घरी आल्यावर मी इंडियाच्या बॅगेत गेले. परदेशात नोकरीवर आलेल्या आपल्या लोकांकडे अशी एक बॅग असतेच. परत जाताना न्यायला म्हणून दिसेल ते घ्यायचं आणि तिच्यात टाकायचं. मला वाटलं, चला, आता विमानात बसायचं! कसलं काय. प्रसन्नचं काम वाढलं आणि मुक्काम लांबला. तो म्हणाला, प्रोजेक्ट लाइव्ह गेलं की निघू. ते गेलं, तर दुसरं आलं. बॅगेतली चॉकलेटं खाऊन संपली, चहाची तारीख उलटून गेली, त्यांच्या जागी नवी आली. मी तिथेच. विभाने एकटीनेच जाऊन यावं असं दोघांनाही वाटायचं, पण लगेच हिशेब निघायचा की आता कायमचंच जायचंय, मग मध्ये आणखी एक खेप कशाला? असं घोकत दिवस गेले. अंधारात माझा जीव नुसता वरखाली होत होता. फोनची रिंग वाजली की मी कान टवकारायची, कारण आईंची बातमी दर खेपेला थोडी वाईट असायची.

एका रविवारी आई फोनवर सहज बोलून गेल्या की आता त्यांना माणूस आवाजावरूनच ओळखावा लागतो. विभाने फोन ठेवला, बॅग उघडली, मला बाहेर काढून पलंगावर पसरलं आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली. बिचारा प्रसन्न आपले आठवड्याचे शर्ट इस्त्री करत होता. बायको रडते आहे आणि आपल्यामुळे रडते आहे, हे त्याला कळत होतं. काहीतरी चांगलं करावं म्हणून त्याने ही चुरगळलेली शाल उचलली आणि वाफेची इस्त्री फिरवली. अहो, मी उसळले, फुगले, पण ऐकतो कोण! आत येऊन विभाने बघितलं, तोवर मी अर्धी सपाट झाले होते.

"प्रसन्न, ही आईला हाताने बघायची होती रे," ती म्हणाली.

त्याने इस्त्री बंद केली. दोघांनी मला पाण्यात भिजवलं, पिळलं, चिमटीत धरून बघितलं. काही टोकं उठली, बाकीची गेली ती गेलीच. विभाने दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं. या खेपेला प्रसन्नने प्रोजेक्टचं नाव काढलं नाही.

मुलुंडला पोचल्यावर विभाने मला आईंच्या मांडीवर ठेवलं. त्यांची बोटं टोकांवरून फिरली आणि चेहरा खुलला. मग बोटं सपाट भागावर येऊन थांबली. इथे काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. विभाने इस्त्रीचं सांगितलं. बॅगेचं सांगितलं, लांबलेल्या मुक्कामाचं सांगितलं आणि मग ती रडायलाच लागली. सिंधूताई रागावल्या नाहीत. त्यांनी मला बाजूला सारलं आणि दोन्ही हातांनी तिचा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, ओले गाल.

"मागच्या वर्षी आली असतीस, तर तुझं तोंड दिसलं असतं ग मला."

विभाने मला उचललं आणि आईंच्या खांद्यांभोवती घातलं. माझ्यासारखी चुळबुळी, पण तिथे मी फुगले नाही की उसळले नाही.

आता मी रोज आईंच्या खांद्यावर असते, विटले आहे, काठाला विरले आहे, आणि त्याचं मला काही वाटत नाही. मित्रांनो, हातांनी केलेली वस्तू आवडली तर जरूर घ्या. जपून वापरा, पण वापरा, आणि मला इस्त्री तेवढी करू नका. आणि तुमच्याही घरात कुणासाठी भरून ठेवलेली बॅग असेल, तर हात जोडते, आजच उठा. बॅग राहिली तरी चालेल, पण तुम्ही जा.