धुळ्याला न जाण्याची कारणं

लेकीकडे धुळ्याला न जाण्यासाठी सुंदरबाईंकडे कारणांना तोटा नव्हता. कधी गुडघे, कधी ऊन, कधी रावेरकडच्या शेताच्या बटाईदाराचा निरोप. खरं कारण एकच होतं. लघवीची घाई झाली की न्हाणीच्या दारापर्यंत पोहोचायच्या आत लुगडं ओलं होई. जळगावहून धुळ्याची एसटी पारोळ्याला थांबते, पण त्याआधीच झालं तर?

नवरा गेल्यापासून त्या जळगावात मेहरूणला एकट्याच राहत. हे सुरू झालं तसं आधी भजन सुटलं, मग लग्नकार्यं, मग शेजारच्या ओट्यावरचं बसणं. आपल्याला वास तर येत नसेल, या धाकाने त्या पुन्हापुन्हा अंघोळ करत आणि पाणी घोटभरच पीत. नातीच्या बारशालाही गेल्या नाहीत. त्यांची मुलगी दिपमाला तेव्हा फोनवर एवढंच म्हणाली, "राहू दे आई." त्यानंतर तिचं बोलणं तुटक होत गेलं.

लघवीला आग होऊ लागली तेव्हा कुठे त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरबाईंनी हळूहळू विचारत सगळं काढून घेतलं.

"वय झालं म्हणून सोसायचं नसतं हे," त्या म्हणाल्या. "पाणी तोडू नका. घाई झाली की पळायचं नाही. जागीच थांबा, लघवी अडवतो तसं खालून आवळून धरा, घाई ओसरली की सावकाश जा. दोन वेळांमधलं अंतर थोडं थोडं वाढवा. सोबत गोळी देते. तोंडाला कोरड पडेल, घाबरू नका."

सुरुवातीला काही फरक पडला नाही. स्वयंपाकघरात ओटा धरून, डोळे मिटून त्या आवळत उभ्या राहत, आणि तरी पाय ओले होत. एकदा तिथेच खाली बसून रडल्या. समजूत घालायला कोणी नव्हतं. आपणच उठल्या, फरशी पुसली. पण उन्हाळा सरता सरता घाई त्यांचं ऐकू लागली. पुरती गेली नाही, तरी ऐकू लागली. मग एके सकाळी त्या एसटीत बसल्या आणि धुळ्याला कोरड्याच उतरल्या.

दार उघडून दिपमाला म्हणाली, "कळवलं नाहीस येणार म्हणून." चार वर्षांची भूमिका आईच्या मागे लपली.

जेवणं झाल्यावर भांडी आवरताना सुंदरबाई म्हणाल्या, "दिपू, मले लघवी धरवत नव्हती. म्हनून नही आली मी. बारशालेबी."

दिपमालाचा हात थांबला. "एवढंच?"

"एवढंच."

"मला वाटलं, मुलगी झाली ते तुला आवडलं नाही."

सुंदरबाई हातातलं ताट पुन्हापुन्हा पुसत राहिल्या.  दिपमालाने आतल्या खोलीत गादी घातली, भूमिकेचं बाळपणीचं मेणकापड गादीवर पसरलं आणि वर चादर नीट खोचली.

त्या आडव्या झाल्या तसं ते खालून करकरलं. याची गरज नाही, असं म्हणावंसं वाटलं. पण तशी खात्री त्यांची त्यांनाच नव्हती.

बाहेर भूमिका विचारत होती, "ती आजी कधी जाणार?"

"माहीत नाही," दिपमाला म्हणाली. "राहील."

आवाज होऊ नये म्हणून सुंदरबाई अगदी हळू कुशीवर वळल्या.