कपाटाच्या काचेतला दिवा

मी कापडगिरणीच्या दवाखान्यातलं कान तपासायचं यंत्र बोलतोय. डॉक्टरसाहेबांची मुलगी परदेशी शिकून माझ्यापाशी कामाला आली, तेव्हा तिला वाटलं होतं, मागांच्या खडखडाटात इथल्या बायकांचे कान पार गेलेले असतील. निघालं उलटंच. जिला तपासावं तिचे कान ठणठणीत!

"बाबा, जादूच केलीत!" ती म्हणाली. साहेब नुसते हसले.

माझं काम साधं. हेडफोनमधून मी बारीक होत जाणारे सूर काढतो. बाई माझ्याकडे पाठ करून बसते, सूर ऐकू आला की बोट वर करते. सूर निघताना माझा हिरवा दिवा लागतो, पण तो फक्त तपासणाऱ्यासाठी.

एका दुपारी मागावरची मावशी आली.

"तपासणी राहू दे. आधी नातीचा इंग्रजी शब्द सांग. इनऑडिबल. नाही आला तर कार्टी म्हणेल, आजी ढ."

मावशी ओठांकडे बघूनच बोलणं ओळखायची. गिरणीतल्या सगळ्याच तशा. मुलगी तोंड मोठं करून म्हणाली, "कानाला ऐकूच येणार नाही इतका बारीक आवाज."

"हात्तिच्या! म्हणजे तुझ्या या डब्याचा!"

"मग बोट कसं वर करता?"

"दिवा लागला की." मावशीनं समोरच्या औषधांच्या कपाटाकडे बोट केलं. त्याच्या काचेत माझा दिवा लख्ख दिसत होता. "कपाट साहेबांनीच तिथं ठेवलंय. म्हणाले, काचेत बघा, नोकरी टिकेल."

"आणि खडखडाटापासून कान वाचवायला घालायचे बोळे?"

"मालक म्हणतात, सगळ्यांचे कान चांगले, मग बोळे कशाला?"

मुलगी तडक साहेबांच्या टेबलापाशी गेली. "बाबा, तुम्ही?"

"खरं सांगितलं असतं तर मालकांनी या बायकांना कामावरून घालवलं असतं, आणि मलाही. तुझं शिक्षण हवेवर झालं का?"

इतकी वर्षं मी खरेच सूर काढले आणि माझाच दिवा माझ्या पाठीमागे खोटी साक्ष देत राहिला. घरच्यानंच दगा दिला की तक्रार कुणाकडे करायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कपाटाला खांदा लावला. दारात मावशी उभी होती.

"मावशी, तुमची नोकरी जाईल कदाचित. सरकवू?"

मावशीनं पदर खोचला. "नातीचा आवाजच ऐकू येत नाही, तिचे शब्द पाठ करून काय करू? हो बाजूला, मीही लावते हात."

बाटल्या किणकिणल्या. मावशी कोऱ्या भिंतीकडे तोंड करून बसली. मी बारीक सूर काढला. मग मोठा. त्याहून मोठा.

तिचं बोट मांडीवरून हललं नाही. पहिल्यांदाच कुणीतरी मला खरं उत्तर दिलं.