बारबोले मॅडमनी घेतलेला टाइम-आउट

बारबोले मॅडमनी घेतलेला टाइम-आउट तीस वर्षं चालला. टाइम-आउट एका मिनिटाचा असतो आणि तो मिनिटाच्या वर एक क्षणही गेला नाही. फक्त ते मिनिट दर सत्राला एक सेकंद या गतीनं सरकत होतं. जूनमध्ये एक, दिवाळीनंतर एक.

तो घेतला तेव्हा मॅडम तीस वर्षांच्या होत्या आणि बार्शीच्या मुलींच्या कॉलेजात खेळ शिकवायला लागून त्यांना चारच वर्षं झाली होती. विद्यापीठाची बास्केटबॉलची फायनल त्यांच्याच मैदानावर होती, सोलापूरच्या मुलींशी. अकरा सेकंद उरले होते आणि बार्शी एका गुणानं मागं होती. चेंडू बाहेर गेला होता. तो आत टाकायला कालिंदी गपाट रेषेवर आली. नऊ नंबरची, एकोणीस वर्षांची, पाठीवर कमरेपर्यंत वेणी. ती बरोबर मॅडमच्या खुर्चीसमोर उभी राहिली आणि मान न वळवता म्हणाली,

"मॅडम, मॅच संपू देऊ नका."

मॅडमना मागं बघायची गरज पडली नाही. मागच्या पायऱ्यांवर तिचे वडील बसले होते. पिठाच्या गिरणीवाले गपाट अण्णा. त्यांनी मॅच सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवलं होतं, "शिट्टी वाजली की पोरगी घेऊन जाणार. उद्या हळद हाय."

मॅडमनी एका हाताचा पंजा आडवा धरला आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याला खालून टेकवली. टेबलावर वेळ मोजणाऱ्या टोणपे सरांनी घड्याळ दाबलं. पाच मुली एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून गोल करून उभ्या राहिल्या, आणि तशाच राहिल्या.

पहिल्या दिवशी अंधार पडेपर्यंत सगळे थांबले. दुसऱ्या दिवशी सोलापूरचे कोच होटकर सर मॅडमकडे आले.

"बाई, हे नियमात बसतं का?"

"मिनिट झालं का सर?"

होटकर सरांनी टेबलाकडं बघितलं. "नाही."

"मग?"

"मग काही नाही," होटकर सर म्हणाले आणि चहा प्यायला गेले. त्यांच्या मुलींनी दोन वर्षं वाट बघितली आणि मग एकेक करून संसाराला लागल्या. टोणपे सर मात्र रोज संध्याकाळी येऊन घड्याळावर अंगठा ठेवून बसत. अंगठा काढला तर मिनिट मोडेल असं त्यांना वाटे. ते थकल्यावर त्यांची सून येऊ लागली. ती एका हातानं घड्याळ धरी आणि दुसऱ्यानं मटार सोली.

टाइम-आउटमध्ये खेळाडूंजवळ फक्त कोचनं जायचं, हा नियम. मॅडम रोज साडेचारला त्या गोलात शिरत. आत शिरल्यावर मुलींच्या मानेवरचा घाम दिसे, कापराचा वास येई. पण मॅडमचं बोललेलं मुलींना ऐकू जात नसे. दोन वर्षांनी मॅडमना उमगलं. आतल्या एका सेकंदात एकच अक्षर मावतं. म्हणजे एक अक्षर सबंध सत्रभर, रोज साडेचारला म्हणायचं, तेव्हा ते मुलींना ऐकू जातं.

हे कळल्यावर त्यांनी पहिलं वाक्य सुरू केलं, आणि घात तिथंच झाला. तोंडाला जे वळण लागलेलं असतं तेच आधी बाहेर पडतं. प्रत्येक टाइम-आउटला त्या जे म्हणत तेच म्हणून गेल्या: "पोरींनो, आधी पाणी प्या." तिसऱ्या अक्षराला त्यांच्या लक्षात आलं, पण सुरू केलेलं वाक्य अर्ध्यात टाकलं तर मुली गोंधळतात. ते पुरं करायला चार वर्षं लागली. त्यानंतर राग आला, आणि रागाच्या भरात त्या म्हणाल्या, "मी काय सांगितलं होतं?" त्यात साडेचार वर्षं गेली. काय सांगितलं होतं ते तोवर त्यांनाही आठवेना.

बाकी नोकरी चालूच होती. दर जूनला नव्या मुली येत आणि त्या गोलाला वळसा घालून चेंडू टप्प्यानं न्यायला शिकत. मॅडमनी शिकवलेल्या मुली फौजदार झाल्या, एसटीत कंडक्टर झाल्या, एक तर नागपूरला पंच झाली. त्या भेटायला येत तेव्हा कडेवर पोरं असत.

"मॅडम, ह्यांना जरा पलीकडं सरकवा की," एखादी नवी मुलगी म्हणे. "ह्यांच्यामुळं डावीकडनं घुसताच येत नाही."

"तुला उजवीकडनं तरी कुठं घुसता येतं गं?" मॅडम म्हणत, आणि बाकीच्या खिदळत.

गपाट अण्णा रोज येत. गिरणी बंद करून, भुवया पांढऱ्या घेऊन, पायऱ्यांवर त्याच जागी बसत. टेंभुर्णीचा ठरलेला मुलगा दोन लग्नसराया थांबला आणि दुसरीकडं उरकून मोकळा झाला. अण्णांनी दुसरं स्थळ पाहिलं. मग तिसरं. दर वर्षी एक स्थळ खिशात तयार ठेवून ते बसत. मॅडमशी बोलत नसत. बोललेच तर म्हणत, "कितीबी ताणा. शिट्टी कधीतरी वाजंलच."

अकराव्या वर्षी कालिंदीचे ओठ हलले. मॅडमनी पाच सत्रं कान लावला. अ. ण्णा. गे. ले. का.

उत्तर द्यायला एकच वर्ष लागलं. नाही.

त्या "ही"च्या शेवटी कालिंदीच्या उजव्या डोळ्यात पाणी जमा झालं. ते पापणीवर आलं, थांबलं, आणि मग गालावर उतरलं. उतरायला त्याला चार वर्षं लागली.

ती चार वर्षं मॅडम काही बोलल्या नाहीत. अण्णा पायऱ्यांवरून खाली येऊन रेषेच्या बाहेर बसू लागले, जिथून तिचा उजवा गाल दिसे. लेक रडते हे त्यांनी आधीही पाहिलं होतं. पण तेव्हा डोळे पुसून ती स्वयंपाकघरात निघून जाई आणि तेही गिरणीवर जात. इथं जाता येईना. पहिल्या वर्षी थेंब गालफडावर होता. अण्णांनी त्या वर्षी स्थळ पाहिलं. दुसऱ्या वर्षी तो नाकपुडीच्या बाजूला आला, आणि अण्णांनी आलेलं स्थळ परत पाठवलं. तिसऱ्या वर्षी तो ओठाच्या कोपऱ्याशी अडला आणि सबंध पावसाळा तिथंच राहिला. अण्णा रोज बघत. खिशातला पंचा काढून हातात धरून बसत. तो पुढं करायला त्यांना परवानगी नव्हती.

चौथ्या वर्षी थेंब हनुवटीवरून सुटला. खाली पडताना अण्णांनी ओंजळ पुढं केली, पण रेष मध्ये होती.

"मॅडम," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी मॅडमना पहिल्यांदाच मॅडम म्हटलं. "तिला सांगा, आता कुणी लगीन लावत न्हाय."

"तुम्हीच सांगा की."

"मला आत येऊ द्याल?"

"नियम नाही अण्णा."

"मग बघा," अण्णा म्हणाले. "आमची चूक हाय, पण तोंड तुमचं लागंल."

मॅडम लगेच सांगणार होत्या. पण तेवढ्यात शबाना आतार, संघाची कप्तान, डोळे वर करून त्यांच्याकडं बघू लागली होती आणि तिचे ओठ सुटले होते. कुणी बोलत असताना मध्ये बोललं तर दोन्ही अक्षरं वाया जातात. शबाना म्हणाली, "मॅडम, केस?" त्यात अडीच वर्षं गेली. मॅडमचे केस तोवर पार पांढरे झाले होते. मुलींना ते एका मिनिटाच्या आत होताना दिसलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "ऊन." एक वर्ष.

शबानाला ते पटलं नसावं. पण ती कप्तान होती. दम घेऊन तिनं कामाचं विचारलं, "कोण मारणार?" तीन वर्षं.

आणि आता दहा सेकंद उरले होते. दहा अक्षरं. मॅडमच्या निवृत्तीला बरोबर पाच वर्षं.

प्राचार्यबाई नव्या होत्या, वयानं लहान. त्यांनी मॅडमना बोलावून खुर्ची दिली. "मॅडम, एक विनंती. ते सेवाकाळातच संपवा. तुमच्या जागेवर येतील त्यांना चालू मॅचचा चार्ज देता येत नाही."

"संपतंय," मॅडम म्हणाल्या.

"आणि नाही संपलं तर?"

"कोच नसला तर टाइम-आउट नसतो. मग त्या मुली नुसत्याच उभ्या राहतील."

प्राचार्यबाईंनी चहा पुढं सरकवला.

मॅडमच्या वहीत अकरा सेकंदांची चाल लिहून ठेवलेली होती. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत विद्यापीठाची ढाल त्यांच्या कॉलेजात एकदाही आली नव्हती. सात वेळा फायनलला जाऊन त्या हरल्या होत्या, आणि ही एकच फायनल अजून हरायची राहिली होती. चाल त्यांनी घासून घासून बारीक केली होती. शेवटी ती दहा अक्षरांत बसली. शबाना आड, कालिंदी मार. शबानानं मध्ये उभं राहून अंगावरची मुलगी अडवायची, कालिंदीनं तिच्या आडून बास्केट करायची. सोलापूरच्या मुलींना हे सुचणार नव्हतं.

त्यांनी ते अण्णांना सांगितलं. दोघं पायऱ्यांवर बसले होते. अण्णांना आता चढताना काठी लागे.

"आणि माझं?" अण्णांनी विचारलं.

"तुमचं बसत नाही. एक तर हे, नाही तर ते."

अण्णांनी बोटं मोजली. "'लग्न मोडलं, घरी ये.' आठ झाली."

"आठ झाली."

अण्णा बराच वेळ पिठानं पांढरी झालेली नखं बघत राहिले. "'घरी ये' काढून टाका," ते म्हणाले. "तिथंच तर तिला भ्या वाटतंय."

"मग त्याच्या जागी काय?"

"मला काय इचारता? खेळातलं काय असंल ते घाला. तुमची मॅच हाय. न्हायतर माझं समदंच ऱ्हाऊ द्या. ढाल आणा तुमची. मी बसंन अजून, मला सवय हाय."

दिवाळीची सुट्टी मॅडमनी घरात बसून काढली. बहीण लाडू घेऊन आली तर तिच्याशी धड बोलल्या नाहीत. सुट्टी संपली, सत्र सुरू झालं, आणि साडेचारला मॅडम गोलात शिरून म्हणाल्या, "ल."

शबानाच्या भुवया वर जायला लागल्या. तिला "श" हवा होता. पुढच्या सत्राला मॅडम "ग्न" म्हणाल्या आणि कालिंदीचा चेहरा उतरू लागला. "मो"पर्यंत तो उतरतच गेला. मॅडमना ते बघवेना, पण मध्ये थांबता येत नव्हतं. "ड." "लं." एवढं व्हायला अडीच वर्षं. त्यानंतर मॅडम वर्षभर म्हणाल्या, "खेळ."

कालिंदीनं मान वर केली. मॅडमच्या चेहऱ्याकडं बघत ती सावकाश समजत गेली. समज कपाळापासून सुरू झाली आणि हनुवटीपर्यंत यायला तिला तीन सत्रं लागली. तीन अक्षरं शिल्लक होती. मॅडमनी ती वापरली नाहीत. चाल तीन अक्षरांत बसत नव्हती, आणि दुसरं काही सांगण्यासारखं त्यांच्याकडं उरलं नव्हतं. त्या नुसत्या रोज साडेचारला आत जाऊन उभ्या राहिल्या.

निवृत्तीच्या दिवशी मैदान भरलं. सोलापूरची गाडी आली. तेव्हाच्या मुलींच्या मुली खाली उतरल्या, आयांच्या जर्सी घालून. जर्सी ढिल्या होत होत्या.

"आईनं सांगितलंय, नऊ नंबरला सोडायचं नाही," एक म्हणाली.

"तुझ्या आईलाही जमलं नव्हतं," पायऱ्यांवरून एक फौजदारबाई ओरडली.

टोणपे सरांच्या सुनेनं घड्याळावरचा अंगठा उचलला. शिट्टी वाजली.

गोल सुटला. पंचानं चेंडू कालिंदीच्या हातात दिला. तिनं तो शबानाकडं टाकला आणि रेष ओलांडून आत पाऊल ठेवलं. त्या पावलाबरोबर तिच्या वेणीत पहिला पांढरा केस आला.

मॅडम खुर्चीवरून उठल्या. शबानानं चेंडू परत दिला, आणि हात मागं घेतला तेव्हा तो चाळिशीचा झाला होता. कालिंदी टप्पा टाकत निघाली. प्रत्येक टप्प्याला तिच्यावर वर्षं चढत होती, आणि ती पळत होती. मध्यरेषेवर ती तीस वर्षांची होती. मॅडमनी हात आडवा धरला त्या दिवशी त्या जेवढ्या होत्या, तेवढीच. तिथून पुढं तिची कंबर रुंदावली, कानशिलं पिकली, एक गुडघा जड पडू लागला. दोन मुली अंगावर आल्या. तिनं त्यांना उजवीकडून चुकवलं. ती हसत होती.

"नऊ, आठ," लोक ओरडत होते. "चार, तीन."

रिंगखाली ती एकोणपन्नास वर्षांची होऊन पोचली आणि तिनं उडी मारली. चेंडू हातातून सुटला. भोंगा वाजला.

चेंडूचं काय झालं ते मॅडमनी बघितलं नाही. अण्णा काठी टाकून मैदानात शिरले होते. आता त्यांना अडवणारा नियम नव्हता. ते रिंगखाली जाऊन उभे राहिले, आणि माळ्यावरून उतरणाऱ्या पोराला धरायला करतात तसे त्यांनी दोन्ही हात वर केले.

कालिंदी अजून खाली आली नव्हती.