मुग्व्यावरचा ससा

"हे काय भावजी, चिकटवताय की काढताय?"

कुंपणापलीकडून शेजारच्या तान वहिनींनी विचारलं तेव्हा क्वांग दफू स्टुलावर उभा होता आणि त्याच्या हातात ओलं फडकं होतं. चिकटवायचं की काढायचं, हे त्याचं त्यालाच धड ठरवता येत नव्हतं.

"बघतोय," तो म्हणाला.

अंगणातल्या मुग्व्याला, त्या सुवासिक औषधी फळांच्या झाडाला, यंदा फळ चांगलं धरलं होतं. या डोंगरात मुलीचं लग्न ठरलं की हिरव्या फळांवर कागदाची नक्षी भाताच्या पेजेनं डकवतात. उन्हानं फळ लाल होतं, कागदाखालची साल तेवढी फिकट राहते, आणि लग्नाची जोडीची शुभाक्षरं फळावर उमटतात. मग ती फळं नवरीच्या कपड्यांच्या पेटीत जातात; वास कितीतरी दिवस हटत नाही. एकुलत्या एका मुलीचं, वानछिंगचं, शरदातलं लग्न ठरलं तसे दफूनं कागद डकवले. कागद त्याच्या बायकोनं कापलेले होते, शेवटच्या दुखण्यात, अंथरुणावर बसून. "पोरीचं ठरलं की लावा," म्हणाली होती. एकदा डकवलेला कागद पुन्हा वापरता येत नाही, ऊन आणि दव लागून त्याचा चोथा होतो.

आणि आता वानछिंग शहरातून दोन मोठ्या बॅगा घेऊन आली होती. "रजा आहे," एवढंच म्हणाली. भर उन्हाळ्यात रजेवर येताना हिवाळ्याचे कोट कोण आणतं?

दफूनं अंदाज बांधून पाहिला. आल्या दिवशी ती दोन वाडगे भात जेवली, म्हणजे सगळं ठीक असावं. दुसऱ्या दिवशी टीव्हीवरच्या फालतू विनोदाला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, म्हणजे काहीतरी बिनसलं असावं. नवऱ्या मुलाचं नाव काढलं की ती भांडी घासायला उठे, घासलेली सुद्धा. बायकोनं एका वाक्यात तिच्याकडून काढून घेतलं असतं. दफूचा जन्म गेला फळं उकळून, वाळवून औषधवाल्यांना देण्यात. हे फळ गुडघेदुखीवर कसं चालतं यावर तो तासभर बोलला असता, पोरीच्या मनापुढे त्याची दातखीळ बसे.

"शहरातल्या आमच्या भाच्याच्या कानावर आलंय," तान वहिनी म्हणाल्या, "हॉलचं बुकिंग सोडलं म्हणे. काढून टाका कागद. मोडलेल्या लग्नाची अक्षरं दारात कशाला मिरवायची?"

"आणि मोडलं नसेल तर?"

"मग नका काढू."

"बरी मदत केलीत, वहिनी."

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. शेवटी त्यानं अर्धे काढले, अर्धे राहू दिले.

वानछिंग केस पुसत बाहेर आली आणि झाडाकडे बघतच राहिली. "बाबा, अर्धंच लग्न लावताय का?"

"मला कुठं कोण काय सांगतं? म्हटलं, दोन्हीकडून तयारी असलेली बरी."

ती हसली, आणि हसता हसता उंबऱ्यावर बसून रडायला लागली. हातातलं फडकं कुठं ठेवावं तेही दफूला कळेना.

"मीच नाही म्हटलं," ती म्हणाली.

"त्यानं काही वेडंवाकडं...?"

"नाही हो. चांगला आहे तो. घरचेही चांगले आहेत."

"मग?"

"तेच मला कळत नाहीये. कळलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं नसतं का?" तिनं नाक पुसलं. "आईचे कागद फुकट गेले."

कागदच ते, असं म्हणावं असं दफूला वाटलं, पण ते खोटं झालं असतं. त्याला वाईट वाटत होतं. ते पोरीसाठी की कागदांसाठी, हे त्याला सांगता आलं नसतं.

उरलेले कागद दोघांनी मिळून काढले. ओले होऊन ते बोटांतच विरत होते, खाली सालीवर फिकट अक्षरं उमटलेली होती. वरच्या काटेरी फांदीवरचा शेवटचा निघाला तेव्हा वानछिंग थांबली. लाल सालीवर फिकट ससा होता, एक कान दुमडलेला.

"हा कुठून आला?"

"गठ्ठ्यात होता. मी आपला डकवला. तू सशाच्या वर्षात जन्मलेली ना. का कापला, ते तुझी आई काही बोलली नाही."

वानछिंगनं फळ तोडून सदऱ्याला पुसलं. "हा लग्नाचा नाही बाबा. हा नुसता माझा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्याच्या कढईत पाणी उकळलं. फळं आत पडली, सालीला सुरकुत्या आल्या. मुग्व्याला लोखंड लावत नाहीत, म्हणून बांबूची सुरी काढली, पण दफूचा हात उचलेना. वानछिंगनं सुरी त्याच्या हातून घेतली.

"तुम्ही जाळ बघा," ती म्हणाली, आणि एकेक फळ दुभागत गेली.

रविवारच्या बसनं ती कामावर परत गेली. ससा बॅगेत गेला, कोट घरीच राहिले. म्हणजे ती पुन्हा येणार, की तिला ते नकोत, हे विचारायचं दफूचं राहून गेलं.

फोडी आधी पोट, म्हणजे कापलेली बाजू, वर करून वाळवतात, मग पाठ वर. उलटायचा दिवस आला तेव्हा तो चटईपाशी उकिडवा बसला आणि प्रत्येक फोड उन्हाकडे धरून तिची साल पाहू लागला.

"काय शोधताय भावजी?" तान वहिनींनी विचारलं.

"काही नाही. वाळल्यात का बघतोय."

साली सगळ्या सारख्याच सुरकुतल्या होत्या, काळपट लाल; अक्षर कुठंच दिसत नव्हतं. शेवटची फोड ठेवून झाली, तसा तो पुन्हा पहिल्या ओळीपासून बघत निघाला.