माता झिपोराचं कुलूप

"उघडलं! उघडलं गं बाई!" अशी आरोळी उठली आणि माता झिपोराच्या अंगणात एकच कल्ला झाला. ढोल बडवले गेले, पांढरी फडकी बांधलेली डोकी डोलायला लागली, दोघीतिघींच्या अंगात आलं. सॉरसॉप गॅप गावाच्या टेकडीवर निम्मी वस्ती लोटली होती. ज्यांच्या घरात कुणी गरोदर नव्हतं तेही आले होते. फुकटचा चमत्कार कोण सोडतो?

चमत्कार असा: गरोदर बाईनं कुलूप हातात घ्यायचं, ओढून बघायचं, घट्ट बंद आहे असं सगळ्यांना सांगायचं आणि मातेच्या पाण्याच्या परातीत सोडायचं. मग माता गाणार आणि गाता गाता कुलूप किल्लीवाचून टपकन उघडणार. कुलूप उघडलं की पोटही मोकळं झालं. बाळंतपण घरीच, हसतखेळत. दक्षिणा काय, तर एक कोंबडा आणि पांढऱ्या रमची बाटली. रम देवदूतांसाठी हो! वास मात्र मातेच्या तोंडाला यायचा.

आता पाळी कॅडियनची होती, आणि ते कळताच दवाखान्यातली नर्स डॉरेट धावत निघाली. धापा टाकत टेकडी चढून ती कशीबशी कॅडियनच्या सासूपर्यंत पोचली.

"मिस इव्हाडनी, पुन्हा सांगते. सोनोग्राफीत वार गर्भपिशवीच्या तोंडावरच बसलेली दिसलीय. तोंड उघडायला लागलं की बाळाच्या आधी रक्त येणार, ते घरी थांबायचं नाही. गुरुवारी सिझर ठरलंय. पोरीला खाली चला घेऊन."

"माझी बहीण गेली होती ना तुमच्या त्या टेबलावर," इव्हाडनी म्हणाली. "आली का परत? माझा पोरगा ऑर्विल तिकडे कॅनडात सफरचंदं तोडतोय, बायकोला माझ्या हवाली करून गेलाय. मी तिला सुरी लावू देणार नाही."

"कधी नेलं होतं बहिणीला?"

"संध्याकाळी."

"आणि रक्त कधीपासून जात होतं?"

इव्हाडनीनं मान परातीकडे वळवली. तेवढ्यात ढोल थांबले.

"ना सुई, ना सुरी, ना टाका!" माता झिपोरा कडाडली. "दार उघडा, पाहुणा आपल्या पायांनी येतो! सांग पोरी, कुलूप बंद आहे?"

"बंद आहे," कॅडियन पुटपुटली. बिचारी एकदा सासूकडे बघत होती, एकदा नर्सकडे. तिनं कुलूप पाण्यात सोडलं. मातेनं एक गाणं म्हटलं, दुसरं म्हटलं, तिसऱ्यात तिचा घसा बसायला आला, आणि टप्प! कुलूप उघडलं. इव्हाडनीनं आनंदानं हात वर केले.

गर्दी नाचायला लागली तशी डॉरेट सरळ परातीशी गेली आणि तिनं कुलूप उचललं. बोटांना काहीतरी चिकट लागलं. तिनं बोट नाकाशी नेलं, मग चक्क चाटलं.

"अगं अगं अगं!" माता किंचाळली. "पवित्र कुलूप चाटतेस?"

"गोड आहे. तुमच्या देवदूतांना पेपरमिंट फार आवडतं वाटतं, माते?"

रविवारी चर्चमध्ये पेपरमिंटच्या गोळ्या चोखत बसणाऱ्या बाया खुदकन हसल्या.

"बरं, आता हे बंद करून दाखवा," डॉरेट म्हणाली.

"प्रभूनं उघडलेलं माणसानं बंद करू नये! अविश्वासी हातात कुलूप बिघडतं!"

"मग माझ्या नको. कॅडियनच्या हातात देऊ."

कॅडियननं दाबलं. कडी उडून वर आली. पुन्हा दाबलं, पुन्हा वर. सासूनं हिसकावून घेतलं आणि दात-ओठ खाऊन दाबलं. कडी पुन्हा टुण्णकन वर!

"अगं, हे लागतच नाही की!" इव्हाडनी ओरडली.

"कसं लागेल? आतला खटका कानशीनं घासून टाकलाय," डॉरेट म्हणाली. "नुसती स्प्रिंग राहिलीय, ती कडीला वर ढकलते. मग गोळी वितळवायची, कडीच्या भोकात ओतायची, कडी दाबून धरायची. गोळी घट्ट झाली की कुलूप बंद. पाण्यात विरघळली की उघडं. डिसेंबरात पाणी गार असतं, म्हणून तेव्हा मातेला गाणी जास्त लागतात."

अंगण खो-खो हसलं. माता काहीतरी शापबिप बडबडली, पण कोंबडा द्यायला आलेल्या बाईनं तोवर कोंबडा परत काखेत मारला होता.

इव्हाडनी मात्र हसली नाही. "नर्सबाई, माझी बहीण... दिवसभर घरीच पडून होती. आम्ही काढा पाजत बसलो."

"ती सुरीनं गेली नाही, मिस इव्हाडनी. उशिरानं गेली. देवाची प्रार्थना करा की, कोण नको म्हणतंय? पण दवाखान्याच्या वाटेवर करा. कुणी चमत्कार दाखवला तर एकच म्हणा: पुन्हा करून दाखव, आणि या वेळी सामान माझं."

"मला जायचंय, आई," कॅडियन म्हणाली. इतका वेळ तिला कुणी विचारलंच नव्हतं.

गुरुवारी सिझर झालं. रक्त गेलंच, पण द्यायलाही रक्त तयार होतं. इव्हाडनी स्वतः बाही सरकवून बसली होती आणि अंगणातल्या चार धडधाकट बायांना दंडाला धरून घेऊन आली होती. मुलगी झाली. रडणं असं की पार बाहेरच्या फाटकापर्यंत ऐकू गेलं.

"चमत्कार झाला गं!" त्या चौघींतली एक डोळे पुसत म्हणाली.

"डोंबलाचा चमत्कार! वेळेवर आलो आपण," इव्हाडनी खेकसली, आणि स्वतःच डोळे पुसायला लागली. मग तिनं त्या बाईला न्याहाळलं. "तुझ्या सुनेला कितवा महिना गं? दवाखान्यात नाव घातलंस? नाही ना? उद्या सकाळी घेऊन ये तिला. नाही आलीस तर मी येते तुझ्या दारात."