वैजयंतीसाठी थांबलेली बस

फुकट म्हटलं की वैजयंतीला राहवत नसे. इंग्लंडातल्या आमच्या वॉटफर्डहून नागपूरला जायला चांगल्या सरळ वाटा आहेत. पण हिनं शोधून काढली ती वाळवंटातल्या एका चिमुकल्या गावात आख्खा दिवस टांगून ठेवणारी. का, तर तिथली विमान कंपनी थांबलेल्या प्रवाशांना गाव फुकट दाखवते. किल्ला, खजुराचा बाजार, वाळूच्या टेकड्या, वर दुपारचं जेवण. मी कुरकुरलो, तर एवढं सोडून एअरपोर्टवर खुर्ची गरम करत बसायचं का, असं मलाच विचारलं. ते डिसेंबरात. जानेवारीत एका सकाळी चहा करताना ती पडली आणि उठलीच नाही.

तिचं तिकीट आमच्या मुलानं, समरनं रद्द केलं. माझं ठेवलं, कारण मला जायलाच हवं होतं. नागपूरला माझ्या सासूबाई आहेत, विमलाबाई. नव्वदीला टेकल्यात, हृदय तोळामासा. मेव्हण्यांनी ठरवलं, आईला फोनवर सांगायचं नाही. नंदूभाऊजी, म्हणजे मी, येतील, शेजारी बसून सांगतील. सगळ्यांना पटलं. मला कुणी विचारलं नाही. तोवर वैजूचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय, असं म्हातारीला सांगून ठेवलं. ती आमची दोघांची वाट बघत बसली.

अडचण अशी, की ते वाक्य माझ्या तोंडून अजून एकदाही निघालं नव्हतं. वॉटफर्डात कधी गरजच पडली नाही. रजिस्ट्रारकडे समर बोलला, विहारातल्या मंडळींना सुनेनं कळवलं, शेजाऱ्यांनी शवपेटी नेणारी काळी गाडी पाहिली. मी आपला 'थँक यू, थँक यू' करत राहिलो. नागपूरला मात्र मलाच बोलायचं होतं, आणि तेही त्या माउलीच्या तोंडाकडे बघून.

निघताना समर म्हणाला, "बाबा, तू टूरला जा, ओके? एअरपोर्टमध्ये बसून राहू नको. आईचा विश होता."

म्हणून गेलो. विमानतळाच्या दाराबाहेर छोटी बस उभी होती, आत सगळे जोडीजोडीनं बसलेले. मी खिडकी धरली आणि शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली. हीसुद्धा सवयच, तिची जागा धरायची. बाहेर उजेड असा, की डोळे उघडवेनात. गाईड म्हणून एक तरतरीत मुलगी होती, डोक्याला निळा रुमाल बांधलेली. तिनं हातातल्या फोनवर नावं बघितली आणि माझ्याकडे आली. मिसेस रामटेके दिसत नाहीत, टॉयलेटला गेल्यात का, असं तिनं इंग्रजीत विचारलं. तिकीट रद्द झालं होतं. टूरचं बुकिंग कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मी मान हलवली. आपली मान हलवायची तऱ्हा अशी, की ती हो म्हणतेय की नाही, हे परक्याला कळत नाही. तिनं हो धरलं. काही हरकत नाही, थांबू आपण, म्हणाली.

आणि बस थांबली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. लोक दाराकडं बघायला लागले. कुणी घड्याळ पाहिलं, कुणी टोपीनं वारा घेतला.

हे सगळं माझ्या ओळखीचं होतं. दर चौदा एप्रिलला आमच्या विहाराचा कोच जयंतीला लंडनला जातो, आणि दर वर्षी तो वैजयंतीसाठी खोळंबतो. सगळे जागेवर, आणि ही शेवटी धापा टाकत येणार. पांढरी साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्यांचा हा एवढा डबा. डबा उघडला की रागावलेली मंडळी गप्प. रागवायचो तो मी एकटा. तेही डेपोच्या इन्स्पेक्टरसारखा.

खरं सांगतो, त्या बसमध्ये मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिची वाट बघत होतं. ती येणारच, असं धरून चाललं होतं. मीही दाराकडं बघायला लागलो.

तेवढ्यात फोन वाजला. नागपूर. नातवानं लावून दिलेला, पण आवाज विमलाबाईंचा. कुठवर आलात, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बसमध्ये बसलोय. मग निघत का नाही, म्हणाल्या.

"बस वैजूसाठी थांबलीय," मी म्हणालो.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हातारी खळखळून हसली. "तिची जुनीच खोड आहे, जवाईबापू. थांबा थोडं. येईल ती."

फोन बंद झाला. मी उठलो. गाईडजवळ जाऊन हळू आवाजात सांगितलं, "शी इज नॉट कमिंग. माय वाइफ डाइड इन जॅन्युअरी." इंग्रजीत ते भराभर निघालं. दुसऱ्याच कुणाच्या बायकोबद्दल बोलतोय, असं वाटलं. मुलीचा चेहरा पडला. तिनं माझ्या दंडाला हात लावला आणि ड्रायव्हरला खूण केली.

मी सगळं पाहिलं. मातीचा किल्ला चढलो, बाजारात खजूर चाखले. जेवणाची दोन खोकी मिळाली; गाईडनं दुसरं परत घेतलं नाही, मीही दिलं नाही. शेवटी वाळूच्या टेकड्या. लोक फोटो काढत होते, तेव्हा मी लांब एका टेकडीमागं गेलो आणि मराठीत प्रयत्न करून बघितला. "आई, वैजू..." पुढचा शब्द येईना. कुणी ऐकणारं नव्हतं, तरी येईना. एवढ्या उघड्यावर मी इतका एकटा उभा होतो, की रडायचीसुद्धा लाज वाटली.

परत बसमध्ये येऊन बसलो. गाईडनं बोटानं माणसं मोजली. माझ्यापाशी बोट क्षणभर अडलं आणि पुढं सरकलं.

"एव्हरीबडी इज हिअर," ती ड्रायव्हरला म्हणाली.

दार बंद झालं, बस निघाली. कुणी मागं वळून बघितलं नाही. बघायचं कारणच नव्हतं; हिशेबानं सगळे आले होते.

तेव्हा ते माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, चांगलं मोठ्यानं.

"आई, वैजू गेली."

पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून पाहिलं. भाषा कळली नाही, म्हणून त्या नुसत्या हसल्या. मी शेजारच्या सीटवरची पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली.